दाजींना घरी आणलंत, आता आधी एवढंच बघा

ताई, डोक्याला मार लागलेल्या दाजींना मिरजेच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणजे निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं घरात. सगळं एकदम शिकायला जाऊ नका. दाखले, विमा, कामावर परत कधी, हे मागाहून बघू.

पहिल्यांदा भेटायला येणारी माणसं आवरा. आपल्याकडं अख्खी भावकी सोप्यात जमते, टीव्ही चालू, चौघं एकदम बोलतात, वर "मला ओळखलं का?" म्हणून परीक्षा. मार बसलेल्या मेंदूला एवढं झेपत नाही. माणूस चिडतो, नाहीतर गळून पडतो. एका वेळी एकच जण, दहा मिनिटं, टीव्ही बंद. याचा वाईटपणा सासऱ्यांना घेऊ दे, तुम्ही घेऊ नका.

दाजी शिव्या देतील. रागाला लगाम घालणारा भाग कपाळामागं असतो, तिथं मार असेल तर तो लगाम सुटतो. वाद घालू नका, विषय बदला.

नव्यानं सांभाळणारे हमखास चुकतात ते इथं:

- टाके सुकले म्हणून गाडीची किल्ली देतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.
- झटक्याची, म्हणजे फिट येऊ नये म्हणून दिलेली, गोळी मनानंच बंद करतात.
- झटका आला की कांदा, चप्पल हुंगवतात. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर १०८.

दारू तर घोटभरही नको, जत्रा असली तरी.

आणि रात्रीची पाळी वाटून घ्या. दिराला आजच सांगा, आठवड्यातल्या दोन रात्री त्याच्या.