वाचक विचारतात : शिबिरात चित्रं, माती आणि ओव्या

प्रश्न : ताई, मी नाशिकला योगवर्ग घेते आणि अधूनमधून दोन दिवसांचं निवासी ध्यान शिबिर. यंदा त्यात चित्रकला, मातीकाम असं काही घालायचंय. मागच्या वेळी रंग दिले तर निम्मे लोक "मला चित्र येत नाही" म्हणून बसून राहिले, आणि एक काकू काळा गोल काढून रडायलाच लागल्या. त्याचा अर्थ काय सांगायचा तेच मला कळेना.

उत्तर : अर्थ सांगूच नका. काळा गोल म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असलं काहीतरी इंटरनेटवर वाचून लोक बिनधास्त सांगून टाकतात, आणि समोरचा माणूस ते घरी घेऊन जातो, वर्षभर उगाळत बसतो. काकूंना एवढंच विचारायचं, "याबद्दल काही सांगावंसं वाटतंय का?" नको म्हणाल्या तर पाणी द्या, शेजारी बसा, बास. आणि "वा, छान काढलंय" पण नको हं, कारण एकाला छान म्हटलं की बाकीचे वीस जण लगेच आपापलं चित्र झाकतात.

"येत नाही" वाल्यांना कागद देऊच नका, शाडू द्या. मुठीत मावेल एवढा गोळा, डोळे मिटून, दहा मिनिटं नुसता दाबायचा, वळायचा, काही बनवायचं नाही. शाडू पटकन सुकतो, म्हणून जवळ ओलं फडकं ठेवा, नाहीतर भेगा पडल्या की लोकांचं सगळं लक्ष तिकडेच. शेवटी गोळे परत एकत्र मळून टाका, म्हणजे घरी काय न्यायचं, कोणाचं चांगलं झालं हा विषयच संपतो.

आणि ओवी विसरू नका! बाया जात्यावर बसून मनातलं सगळं बोलायच्या, सासर, माहेर, विठ्ठल, सगळं एकाच दळणात. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या अशा १ लाखावर ओव्या गोळा केल्यात. तुम्ही फक्त "पहिली माझी ओवी" एवढं म्हणा आणि पुढचं ज्याचं त्याने जोडायचं, यमक नाही जुळलं तरी चालेल. माझ्या मते आपल्याकडच्या लोकांना हे वर्तुळात नक्षी भरायच्या मंडल चित्रांपेक्षा लवकर जमतं.

लिखाण घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या जखमांबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या खऱ्या, पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. म्हणून असलं काही रविवारी दुपारी बॅगा भरायच्या वेळेला घ्यायचं नाही, शनिवारी सकाळी घ्या, म्हणजे माणूस तुमच्या डोळ्यासमोर सावरतो. आणि कोणी सावरतच नाहीये असं दिसलं तर तुम्ही समुपदेशक व्हायला जाऊ नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चित्रांचे फोटो शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची हौस असते आपल्याला, ती आवरा. जाहिरातीसाठी तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

प्रश्न : इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात वही-पेनसुद्धा चालत नाही, संगीत नाही. मग ही रंगरंगोटी साधनेत अडथळाच नाही का?

उत्तर : तिथे आहेच अडथळा, कारण ती पद्धतच आत काय चाललंय ते नुसतं बघायची आहे, मांडायची नाही, म्हणून तो नियम तिथे बरोबर. वारकऱ्यांचं मात्र टाळ-मृदंगाशिवाय आणि पावली खेळल्याशिवाय होतच नाही, आणि त्यांना कोणी साधक नाही असं म्हणत नाही. फक्त दोन्हीची भेळ करू नका, सकाळी मौन आणि दुपारी ढोलकी असलं वेळापत्रक मी पाहिलंय, लोक धड शांतही होत नाहीत आणि धड मोकळेही. शिबिर कसलं आहे ते फॉर्म भरून घेतानाच सांगून टाका.