त्याचा घोटा आणि तुझे साडेपाचशे डॉलर

प्रश्न : ताई, मी पेनसिल्व्हेनियात एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय २४. माझा रूममेट युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमच्या ट्रेनिंग रूममध्ये तासांवर काम करतो. बर्फाच्या पिशव्या, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या वगैरे. मागे एका शुक्रवारी संध्याकाळी जेवताना तो बोलून गेला, की आमच्या टीममधल्या मुख्य खेळाडूचा, गार्डच्या जागेवर खेळणाऱ्याचा, घोटा सरावात जोरात मुरगळलाय, उद्या तो खेळणार नाही, पण हे अजून बाहेर कुणाला माहीत नाही. तेव्हा सट्ट्याच्या ॲपवर आमची टीम साडेसहा गुणांनी फेव्हरिट होती, म्हणजे ती एवढ्या फरकाने जिंकेल असा अंदाज होता (यालाच स्प्रेड म्हणतात). मी लगेच समोरच्या टीमवर साडेसहा गुण घेऊन ५५० डॉलर लावले, म्हणजे ती जिंकली किंवा सहा गुणांपर्यंत हरली तरी मी जिंकणार. शनिवारी सकाळी बातमी फुटली आणि स्प्रेड अडीचवर आला. मला वाटलं, जिंकलोच. तो मुलगा खरंच खेळला नाही, आणि तरी आमची टीम ११ गुणांनी जिंकली. बातमी शंभर टक्के खरी असून मी हरलो कसा? ते पैसे पुढच्या महिन्याच्या भाड्याचे होते. घरी काही सांगितलेलं नाही. रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला, पुढच्या वेळी आधी मला विचार, निम्मे माझे. आता मार्च येतोय, कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचा महिना. पुन्हा अशी बातमी मिळाली तर पैसे कसे लावावेत?
— एक विद्यार्थी

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ती खोली माझ्या ओळखीची आहे. तुझा रूममेट जिथे बर्फाच्या पिशव्या भरतो, तसल्याच एका कॉलेजच्या खोलीत मी बावीस वर्षं ॲथलेटिक ट्रेनर म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळायचं, काम केलं. किती घोटे बांधले याची मोजदाद नाही. म्हणून आधी तुझ्या हिशेबाचं बोलते, मग त्या मुलाच्या घोट्याचं.

तुला मिळालेला आकडा वाईट नव्हता, हे मी मान्य करते. साडेसहा गुण तुझ्या हातात होते आणि दुसऱ्या दिवशी तेच इतरांना अडीच मिळत होते. पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये स्प्रेड एक सांगतो आणि निकाल त्यापासून दहा गुण लांब जातो, हे दर आठवड्याला घडतं. चाळीस मिनिटांत दोन्ही टीम मिळून शंभरावर शॉट मारतात. त्यातले तीन-चार लांबचे शॉट रिंगवर आदळून आत पडले काय नि बाहेर पडले काय, तुझे चार गुण तिथेच संपतात.

शिवाय मुख्य खेळाडू बसला म्हणजे त्याचे गुण टीममधून वजा झाले, असं होत नाही. त्याचे शॉट दुसरे कुणीतरी मारतात. बाकावर बसून कंटाळलेल्या एखाद्या मुलाला अचानक तीस मिनिटं मिळतात आणि तो जीव तोडून खेळतो. समोरच्या टीमने चार दिवस ज्याला अडवायची तयारी केली, तोच मैदानात नसतो. मी बाकाच्या टोकाला बसून हे कितीदा पाहिलंय. कधी उलटंही पाहिलंय: पोरं वॉर्म-अपपासूनच खचलेली, एकमेकांकडे बघणं टाळणारी. कोणत्या दिवशी यातलं काय होईल, हे त्या खोलीत राहूनही मला कधी सांगता आलं नाही.

गाजलेली उदाहरणं घे. मार्च २००० मध्ये सिनसिनाटी युनिव्हर्सिटीची टीम देशात पहिल्या क्रमांकावर होती. त्यांच्या केनियन मार्टिनचा पाय कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) स्पर्धेत मोडला. टीम तो सामना हरली, आणि पुढे एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेतही दुसऱ्याच फेरीत टल्साकडून हरून घरी परतली. २० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला, गुडघा दुखावला, आणि ड्यूक स्वतःच्या मैदानावर नॉर्थ कॅरोलायनाकडून ८८-७२ हरली. एवढीच दोन उदाहरणं पाहिली तर तुझा विचार बरोबर वाटेल. पण मार्च २०२५ मध्ये त्याच ड्यूकच्या कूपर फ्लॅगचा घोटा एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत मुरगळला, आणि पोरांनी पुढचे सामने त्याच्याशिवाय खेळून स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये लुईव्हिलच्या केव्हिन वेअरची नडगी ड्यूकविरुद्ध भर सामन्यात मोडली. हाड कातडीबाहेर आलेलं, सोबतचे खेळाडू मैदानावरच रडत होते. वेअर काही त्यांचा मुख्य खेळाडू नव्हता, पण तसं दृश्य पाहिल्यावर खेळायचं कसं? ती टीम उठली आणि ८५-६३ ने जिंकली.

आणि ॲपचा हिशेब वेगळाच. ५५० लावून ५०० मिळतात, बरोबर? अशा शंभर पैजांतल्या ५२ जिंकलास तरी तू ४०० डॉलरनी खाली असतोस. ५३ जिंकल्यास तर कुठे थोडे हातात राहतात. जिंकलास तरी पुढे कर आहेच. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील आणि करासाठी अजून नॉन-रेसिडेंट असशील, तर जुगारातल्या कमाईवर ३० टक्के कर आहे आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. हे बहुतेक मुलांना ठाऊकच नसतं.

आता खरा मुद्दा. दुखापतीची बातमी तुझ्यापर्यंत दोनच वाटांनी येते. जाहीर झाल्यावर येते, तेव्हा स्प्रेड आधीच हललेला असतो; शनिवारी सकाळी तो अडीचवर आला तो असाच. त्या वेळी पैसे लावणाऱ्याला ताजी बातमी मिळाल्यासारखं वाटतं, पण तिची किंमत त्याच्याकडून आधीच वसूल झालेली असते. दुसरी वाट म्हणजे जाहीर होण्याआधी. ती बातमी कुणाच्या तरी उपचाराच्या टेबलावरून उचललेली असते. तुझी तशी होती.

त्या टेबलावर काय असतं ते सांगते. वीस वर्षांचा मुलगा पाय लांब करून बसलेला असतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. मी अंगठ्याने हाडाच्या कडेने दाबत जाते, नेमकं कुठे दुखतं ते बघायला. दुखणं हाडावर असेल तर एक्स-रे, पुढच्या मऊ भागात असेल तर बहुधा लिगामेंट. तो माझ्या बोटांकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मग बर्फ, दाबपट्टी, पाय उशीवर. दुसऱ्या दिवशी आधी पातळ फोमची पट्टी, त्यावर पांढरा टेप: दोन्ही बाजूंनी टाचेखालून रिकिबीसारख्या पट्ट्या, मग टाचेला वेढे. मग त्याला त्याच एका पायावर उड्या मारायला सांगायचं. पहिल्या उडीला चेहरा आवळला की मला उत्तर मिळतं. कितीदा तरी खेळायचं की नाही हे सामन्याच्या तासभर आधी ठरतं. तोवर तो मुलगा आईलाही फोनवर ‘ठीक आहे’ एवढंच सांगतो. तो माझ्यासमोर खरं बोलतो, कारण ते खोलीबाहेर जाणार नाही असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास गेला की पोरं दुखणं लपवतात, आणि लपवलेल्या दुखण्यावर खेळून गुडघे घालवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या खोलीत एकदा फोन आला. बोलणारा म्हणाला, मी त्याचा काका, पोरगा शनिवारी खेळेल ना? काळजीने बोलत होता. मी फोन धरून त्या मुलाला विचारलं. त्याला काकाच नव्हता. ही गोष्ट २०१८ च्या आधीची, म्हणजे सुप्रीम कोर्टाने राज्यांना सट्टा कायदेशीर करायची वाट मोकळी केली त्याच्याही आधीची. त्यानंतर फोनचीसुद्धा गरज राहिली नाही. एका मुलाने शेवटचे दोन फ्री-थ्रो चुकवले, आणि बूट काढायच्या आत त्याच्या मोबाईलवर निरोप आलेले, ‘तुझ्यामुळे माझे ४०० गेले’ इथपासून आईवरच्या शिव्यांपर्यंत. त्याने मला ते वाचायला दिले आणि टॉवेल तोंडावर ओढून बसला. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ मध्ये राज्यांना विनंती केली, की कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैजा नकोत. ओहायोने त्या बंदही केल्या. मला त्याचं फार बरं वाटलं.

एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जखमी खेळाडूंची यादी सामन्याआधी जाहीर करावीच लागते. कॉलेजात वर्षानुवर्षं तसं नव्हतं. एसईसी या कॉन्फरन्सने २०२४-२५ पासून आपल्या गटातल्या बास्केटबॉल सामन्यांसाठी अशी यादी सुरू केली. त्यामागे हाच विचार होता: सगळ्यांना एकाच वेळी कळलं, की ट्रेनिंग रूमच्या दाराशी कान लावण्यात काही उरत नाही.

आता तुझ्या रूममेटविषयी, आणि इथे मी कडक बोलणार आहे. एनसीएएचा नियम फक्त खेळाडूंपुरता नाही. ॲथलेटिक विभागात काम करणाऱ्यांनीही खेळावर पैसे लावायचे नाहीत आणि पैसे लावणाऱ्याला माहिती पुरवायची नाही. पहिल्या दिवशी जेवताना तो बोलून गेला, ती चूक होती. ‘निम्मे माझे’ म्हणाला, त्या क्षणी तो बातमी विकायला निघाला आणि तू गिऱ्हाईक झालास.

२०२३ मध्ये अलाबामाच्या बेसबॉल टीमचं काय झालं ते ऐक. एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्धच्या सामन्याआधी अलाबामाचा ठरलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, दुखण्यामुळे बसणार होता. प्रशिक्षक ब्रॅड बोहॅनन यांनी ते जाहीर होण्याआधी एका ओळखीच्याला कळवलं. त्याने सिनसिनाटीतल्या स्टेडियमच्या सट्टा काउंटरवर जाऊन एलएसयूवर एक लाख डॉलर लावायचा प्रयत्न केला. काउंटरवाल्यांना शंका आली, त्यांनी १५ हजारांवर थांबवलं आणि वर कळवलं. काही दिवसांत प्रशिक्षकाची नोकरी गेली, पुढे एनसीएएने त्यांच्यावर १५ वर्षांचे निर्बंध घातले, आणि पैसे लावणारा तपासात अडथळा आणल्याबद्दल तुरुंगात गेला. तुझे ५५० कुठे आणि ते एक लाख कुठे, असं म्हणशील. पण तुझी पैज किती वाजता आणि कुठून लागली याची ॲपकडे नोंद आहे. तुझ्या खात्यावरचा पत्ता आणि ट्रेनिंग रूममध्ये काम करणाऱ्या त्या मुलाचा पत्ता एकच आहे. परदेशी विद्यार्थी असशील तर असल्या चौकशीच्या वाऱ्यालाही उभं राहू नकोस, बाळा.

तेव्हा ‘पुढच्या वेळी कसे लावावेत’ याचं उत्तर मी देणार नाही. आजच त्याला सांग, की ट्रेनिंग रूममधलं काहीही मला सांगू नकोस, मी ऐकणार नाही. आणि त्याने स्वतःहून हेड ॲथलेटिक ट्रेनरकडे किंवा नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कंप्लायन्स ऑफिसात जाऊन काय झालं ते सांगावं. काम कदाचित जाईल. पण माझ्याकडे एकदा एक पोरगी अशीच आली होती, पाण्याच्या बाटल्या भरणारी, बोलून गेले म्हणून रडत. तिचं काम गेलं नाही. दुसऱ्याकडून कळलं असतं तर गेलं असतं.

भाड्याचं म्हणशील तर घरमालकाला तारखेच्या आधी फोन कर आणि दोन हप्त्यांत देतो म्हण. आणि घरी सांग. आईला आधी सांगायचं की बाबांना, ते तूच ठरव. ते ५५० मार्चमध्ये भरून काढायचे हा विचार रात्री डोक्यात फिरत असेल, झोप लागत नसेल, तर १-८००-४२६-२५३७ या नंबरवर बोल. जुगाराच्या अडचणीसाठीच ती हेल्पलाइन आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या रटगर्स युनिव्हर्सिटीचा एक चांगला खेळाडू जखमी झाल्याचं कळल्यावर माझ्या नवऱ्याला त्या सामन्यावर पैसे लावायचे होते, पण ॲपवर सामनाच दिसेना. तो म्हणतो, पूल ओलांडून फिलाडेल्फियात जाऊ आणि तिथून लावू. हे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सामना दिसत नाही, कारण न्यू जर्सीत आपल्याच राज्यातल्या कॉलेजांवर पैसे लावायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती उठवावी का यावर मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं. पुढच्याच मार्चमध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने केंटकीला हरवलं आणि पंधरावं मानांकन असून शेवटच्या आठांत मजल मारली, तेव्हा अख्ख्या राज्यात त्यांच्यावर कायदेशीर एक डॉलर लावता येत नव्हता. लोक नुसते सामने बघत होते आणि ओरडत होते.

पेनसिल्व्हेनियात जाऊन लावलं तर वय २१ किंवा जास्त असताना ते कायद्यात बसतं. पण वरचं उत्तर त्यांना वाचायला द्या. ते पुलापर्यंत पोहोचतील तोवर त्या मुलाच्या दुखापतीची बातमी स्प्रेडमध्ये बसलेली असेल. रटगर्सवर जीव असेल तर त्यांच्या मैदानावर, पिस्कॅटवेला, जाऊन तिकीट काढा. दोघं जा.