वाचकांचे प्रश्न : तोळाभर सिकंदर

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेत जुनी भांडी आणि नाणी विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याकडून मी 3,000 रुपयांस ‘सिकंदराचे नाणे’ घेतले. एका बाजूस सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेला पुरुष आहे आणि दुसऱ्या बाजूस हातावर पक्षी घेऊन बसलेला देव आहे. शेत वखरताना हे सापडले, असे तो म्हणाला. सराफाकडे तोलले तेव्हा ते 11.66 ग्रॅम भरले. नाणे खरे असेल का? (एक शिक्षक, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)

उत्तर : आपण वजन कळवलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्या आकड्यातच आहे. आपण वर्णन केलेले चित्र अलेक्झांडरच्या, म्हणजे सिकंदराच्या, नाण्यांवर खरोखर असते; मात्र तो पुरुष म्हणजे स्वतः राजा नसून हेराक्लीस हा वीर आहे आणि बसलेला देव झ्यूस असून त्याच्या हातावर गरुड आहे. ही नाणी अथेन्सच्या वजनमापाने पाडली जात. त्या मापाने एक ड्राख्मा, म्हणजे ग्रीकांचे चांदीचे नाणे, सुमारे 4.3 ग्रॅमचा आणि चार ड्राख्मांचे मोठे नाणे सुमारे 17.2 ग्रॅमचे असते. झिजून थोडे कमी भरेल, पण तिसरा हिस्सा झिजल्यावर गरुड ओळखू येणार नाही. याउलट 11.66 ग्रॅम म्हणजे आपला बरोबर एक जुना तोळा, इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या रुपयाचे वजन. नाणे घडवणाऱ्याने चित्र ग्रीसचे घेतले, तागडी मात्र इथलीच वापरली.

त्याची कडही पाहावी. ग्रीक कारागीर चांदीची तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत असत, म्हणून खरे नाणे सहसा पूर्ण गोल नसते, कडेला क्वचित चीर जाते आणि चित्र एका बाजूस सरकलेले असते. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवरून साच्याच्या सांध्याची बारीक रेषा फिरते, किंवा ती पुसण्यासाठी चालवलेल्या कानशीचे ओरखडे दिसतात. धातू पाहायचा असेल तर सराफाच्या सूक्ष्म काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात, तळाला न टेकवता, सोडावे. काटा सुमारे 1.1 ग्रॅम दाखवील तर चांदी आहे, 1.3 च्या वर गेला तर जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला तांबे-निकेलचा मिश्रधातू, समजावे. चांदी निघाली तरी तिने नाणे सिकंदराचे ठरत नाही, एवढेच की आपल्या पैशांतला काही भाग वसूल होईल.

विक्रेत्याची वखराची गोष्ट खरी असती तर ते अधिक अडचणीचे झाले असते. जमिनीत सापडलेल्या 10 रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे. असे सांगून नाणे विकणारा एक तर खोटे बोलत असतो किंवा गुन्हा कबूल करत असतो. दोन्ही प्रकारांत पैसे खिशातच ठेवावेत.

प्रश्न : ग्रीक नाण्यांचा आपल्या भागाशी काही संबंध आला होता का? आणि चांदीचे जुने नाणे घरी कसे स्वच्छ करावे? (बारावीची विद्यार्थिनी, पवनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : संबंध आला, पण वळणावळणाने. वायव्येकडील ग्रीक राजांनी इथल्या लोकांना वाचता यावे म्हणून नाण्यांवर ग्रीकबरोबर खरोष्ठी ही तिकडची लिपी आणली. त्यांपैकी अपोलोडोटस राजाचे चांदीचे चौकोनी नाणे, म्हणजे इथला हलका ड्राख्मा, जेमतेम 2.4 ग्रॅमचे आहे. त्याच्या एका बाजूस हत्ती आहे आणि दुसऱ्या बाजूस आपल्या ओळखीचा, वशिंडाचा बैल. त्याची आणि मिनँडरची, म्हणजे बौद्ध ग्रंथातल्या मिलिंदाची, जुनी नाणी भडोचच्या बंदरात चालतात, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंदवलेले आहे. याच लहान ड्राख्माच्या नमुन्यावर पश्चिम भारतातल्या नहपान या क्षत्रपाने, म्हणजे शक राजाने, आपली नाणी पाडली. राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे आहेत, मागे बाण आणि वज्र. नाशिकजवळ जोगळटेंभीस 1906 मध्ये अशी 13,000 हून अधिक नाणी सापडली आणि त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. त्या फेरठशाखाली डोकावणारे ग्रीक अक्षर मला अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. तुमच्या पवनीतही महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ मिळालेला आहे, तो अवश्य लक्षात ठेवा. ड्राख्माचा संस्कृतात द्रम्म झाला आणि त्यावरून आला आपला ‘दाम’.

स्वच्छ करण्याबाबत माझे उत्तर नकारार्थी आहे. चिंच, राखुंडी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, कारण काळी साय निघताना बारीक अक्षरेही झिजतात. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, मऊ कापडाने टिपावे आणि वजन लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत ठेवल्यास पुढे नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.