'कोर्ब' मूळचा जर्मन आहे का?

जर्मन शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: टोपलीसाठीचा 'कोर्ब' हा शब्द मूळचा जर्मानिक, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच ज्या कुळातल्या त्या कुळाचा, आहे का?

नाही, तो लॅटिन 'कॉर्बिस'वरून घेतलेला. जर्मानिक भाषांचा घरचा शब्द वेगळा होता आणि मला तो फार आवडतो, कारण टोपली कशाची विणतात ते त्यातच सांगितलेलं आहे. त्याच्या मुळाशी 'टैनाझ' आहे, म्हणजे डहाळी. हे रूप लिहिलेलं कुठेच सापडत नाही. अभ्यासकांनी ते पुढच्या भाषांवरून बांधलं आहे. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेत मात्र पुरावा आहे: डहाळी 'टैन्स' आणि डहाळ्यांची टोपली 'टैन्यो'.

चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्यातल्या शुभवर्तमानांची (येशूच्या चरित्राच्या पुस्तकांची) सहाव्या शतकातली, जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या अक्षरांची प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. येशूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत भरतात, तिथे 'टैन्यो' येतो. सात भाकरींच्या तशाच दुसऱ्या प्रसंगात मूळ ग्रीकमध्येच टोपलीचा शब्द बदलतो; तिथे गॉथिक अनुवादात ग्रीक शब्दच 'स्पुरीडा' असा ठेवला आहे. येशूचा प्रेषित पौल याला दमास्कसच्या तटावरून ज्या टोपलीतून खाली सोडलं, ती 'स्नोर्यो'. हा शब्द दोरीच्या कुळातला, जर्मन 'श्नूर'चा नातलग. एका अनुवादात टोपलीला तीन शब्द, आणि प्रत्येक नेमका वापरलेला!

इतर जर्मानिक भाषांतही 'टैन्यो'चे नातलग होते. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) 'टेइना', जुन्या इंग्रजीत 'टॅनेल', जुन्या उच्च जर्मनमध्ये 'त्सैना'. या शेवटच्या रूपात 'ट'चा 'त्स' का झाला, तर दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ट'मध्ये तो बदल झाला; इंग्रजी 'टेन' आणि जर्मन 'त्सेन' ही जोडी त्यातलीच.

प्रमाण जर्मनमध्ये 'कोर्ब' रुळला, पण स्वित्झर्लंडमध्ये कपड्यांच्या टोपलीला आजही 'वेशत्सैने' म्हणतात. डचांकडे टोपल्या विणायच्या विलो झाडाच्या फांदीला 'टेन' हा शब्द आहे. आइसलँडिकमध्ये 'टेइनार' म्हणजे रेल्वेचे रूळ, आणि दातांच्या तारासुद्धा!

इंग्रजीत टोपलीचा शब्द गेला, डहाळी एका जागी उरली. 'मिसलटो' हे झाडांवर वाढणाऱ्या एका परजीवी वनस्पतीचं नाव म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'मिस्टेलटान'. त्यातला 'टान' म्हणजे आपली ही डहाळी. पायाच्या बोटांसाठीचा अनेकवचनी शब्दही 'टान'च होता, म्हणून लोकांनी हा 'टान'ही अनेकवचन समजून त्याचं एकवचन 'टो' केलं. त्या 'टो'चा पायाशी काहीही संबंध नाही.