'रस्ता टच' म्हणजे नक्की कोणाचा रस्ता?

तुमची पोस्ट वाचली आणि 2013 सालचा मीच समोर आलो. तुमची नोकरी इंदूरला, कोकणात ओळखीचं कोणी नाही, दापोलीकडे दहा गुंठे जमीन घ्यायचा विचार, एजंटाने पाठवलेला ड्रोनचा व्हिडिओ आणि "रस्ता टच आहे, रविवारपर्यंत टोकन द्या". मी बंगळूरला होतो आणि ड्रोनऐवजी फोटो होते, एवढाच काय तो फरक.

सातबारा, जुने फेरफार, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, पेपरात जाहीर नोटीस हे तुम्ही करालच, त्यावर लिहीत बसत नाही. फक्त एक. तुमच्या नावावर कुठेच शेतजमीन नाही असं तुम्ही लिहिलंय. मग कुळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही, बिनशेतीच बघावी लागेल. "आधी घ्या, एनए (म्हणजे बिनशेती) आपण नंतर करून देऊ" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. माझं नाव साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आहे, म्हणून मला रत्नागिरी जिल्ह्यात 22 गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, घेता आली. पूर्ण हिस्सा नंबरच (सर्व्हे नंबरचा पोटभाग) घेतला, त्यामुळे तुकडेबंदीचंही, म्हणजे शेतीचे छोटे तुकडे पाडून विकायला असलेल्या बंदीचंही, झंझट नव्हतं. कागद अगदी लख्ख होते. वकिलाने तसं लिहूनही दिलं होतं.

आणि तरी फसलो. शोध अहवालात जमीन कोणाची ते येतं. तिथपर्यंत जायचं कसं, ते येत नाही.

मे महिन्यात बघायला गेलो तेव्हा जीप थेट जागेत गेली. तांबड्या मातीचा चांगला आठ-नऊ फुटी रस्ता, दोन्हीकडे गडगा (दगड रचून केलेली कुंपणाची भिंत), मध्ये हापूसची कलमं. वाटेवरच्या घरी विकणाऱ्याच्या चुलतभावाने कोकम सरबत दिलं. हा रस्ता कोणाचा, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रस्ता असतो तसा रस्ता.

पुढच्या वर्षी डिसेंबरात कंपाउंडसाठी जांभ्याचे चिरे मागवले. ट्रकवाल्याचा फोन आला, "साहेब, बेडं लावलंय." म्हणजे गडग्याच्या तोंडाशी आडवे बांबू. चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, "माणसं जाऊदेत, गुरं जाऊदेत. ट्रक नाय." तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या बागेतून माझे ट्रक जाणार हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. चिरे डांबरी रस्त्याच्या कडेला उतरवले.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, गावनकाशा काढला. त्यावर तो रस्ता नव्हताच. माझ्या हिश्शाला टेकणारी एक तुटक रेघेची पायवाट होती, तीही पलीकडून, पऱ्यातून म्हणजे ओढ्यातून येणारी. बागेच्या सातबाऱ्यावर 19 नावं. निम्मी मुंबईत, तिघं वारलेले आणि त्यांची वारस नोंद झालेली नाही. गावातल्या एका भावाने "हो" म्हणून काही उपयोग नाही, सही सगळ्यांची लागते.

कायद्याने रस्ता मिळेल असं मला वाटलं होतं. वकिलाने समजावलं ते असं: वीस वर्षं हक्काने वापरलेली वाट असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो, पण विकणारा जात होता तो भावकीच्या मर्जीने, आणि मर्जीने मिळालेल्या वाटेचा हक्क होत नाही. दोन्ही जमिनी पूर्वी एकच होत्या आणि वाटपात माझा तुकडा कोंडला गेला, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. पण आजोबांच्या काळातलं ते वाटप तोंडी होतं.

आता रस्त्यासाठी ज्या सरकारी कार्यालयात खेटे घातले, त्याबद्दल. नाव घेत नाही. रात्रीच्या बसने कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून सकाळी दारात हजर, असं मी पाच वेळा केलं. एका टेबलावर "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा". शेजारच्या टेबलावर "कोर्टात कशाला, आमच्याकडे अर्ज करा की". अर्ज केला तर तारखेला साहेब निवडणुकीच्या कामात. पुढची तारीख फोनवर सांगायला काय जातं? तीन सुट्ट्या आणि दीड हजार किलोमीटरचा प्रवास वाचला असता. असो. रक्तदाब वाढतो.

तर तुम्ही टोकन द्यायच्या आधी: गावनकाशा काढा. रस्ता ग्रामपंचायतीचा आहे असं सांगत असतील तर नमुना 23 चा उतारा मागा, त्यात रस्त्यांची नोंद असते. एनए प्लॉट असेल तर मंजूर ले-आउट मागा, एजंटाने रंगवलेला नकाशा नव्हे. रस्ता खाजगी जमिनीतून असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या सहीचा नोंदणीकृत दस्त हवा. त्यात रुंदी मीटरमध्ये, आणि वाहन, पाण्याची पाइपलाइन, विजेचे खांब नेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला. "येण्याजाण्याचा हक्क" एवढंच मोघम लिहिलं की पुढे बेडं लागतंच. मोजणी खरेदीआधी करून घ्या आणि त्या दिवशी स्वतः उभे राहा, मुखत्यारपत्र देऊन एजंटाला पाठवू नका.

जाता जाता, सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात 'खाजगी वन' किंवा कुळाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. आणि जागा एकदा जुलैत बघा. मेमधलं सपाट मैदान पावसात वहाळ (ओढा) झालेलं मी पाहिलंय, सुदैवाने दुसऱ्याचं.

मी वकील नाही, माझा अनुभव एका गावचा आहे आणि नियम बदलत असतात, तेव्हा तिथल्याच तालुक्यातला वकील धरा, इंदूरचा नको. माझं वैयक्तिक मत विचाराल तर परराज्यात राहणाऱ्याने कोकणातल्या जमिनीला गुंतवणूक म्हणूच नये, ती दुसरी नोकरी आहे. काहीजण इथे माझ्यावर तुटून पडतील, पडू देत.

माझ्या जागेत आज मोटारसायकल जाते, गाडी नाही. 19 पैकी 16 जणांच्या सह्या झाल्या, उरलेल्या तीन नावांच्या वारसांमागे मी अजून विरार-नालासोपारा करतोय. चिरे अजून डांबरीच्या कडेला आहेत, शेवाळ धरून. बरेचसे लोकांनी नेले.

एजंटाला आजच सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मागा, तुमच्या जागेचा आणि रस्ता ज्यातून जातो त्याचाही. दुसरा नंबर द्यायला तो किती दिवस लावतो ते इथे कळवा.