चुन्याविना उभा राहिलेला बुरूज

प्रश्न : स्कॉटलंडमधील मूसा बेटावरचा प्रागैतिहासिक बुरूज चुना न वापरता रचलेला आहे, असे वाचले. मग तो आजवर टिकला कसा? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : शेटलंड द्वीपसमूहातील हा लोहयुगीन बुरूज दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही सुमारे १३ मीटर उंच उभा असून, 'ब्रॉख' प्रकारच्या बुरुजांपैकी इतका उंच दुसरा उरलेला नाही. त्याचे बळ भिंतीच्या रचनेत आहे. तळाशी अतिशय जाड असलेली ही भिंत वर जाताना आतली व बाहेरची अशी दुहेरी होते, आडव्या लांब शिळा त्या दोन्हींना एकमेकींशी जखडून ठेवतात आणि मधल्या पोकळीमुळे वरचा भार हलका होतो. त्याच पोकळीतून दगडी जिना वळत वळत माथ्यापर्यंत जातो. तिथला दगड सपाट थरांत सुटतो, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण ठाणे परिसरातील काळ्या पाषाणातून अशा पातळ फरशा सहज निघत नाहीत. आतल्या भिंतीतून पुढे आलेल्या दगडी कडांवर लाकडी मजले टेकवलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. छपराबाबत मात्र त्यांच्यात अजून मतभेद आहेत.