साहित्याच्या परदेशी शिक्षणासाठी घर तारण ठेवावे का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये टी.वाय.बी.ए.ला असून तिचा स्पेशल विषय इंग्रजी आहे. दलित कथाकार बाबुराव बागुल यांच्या कथा आणि आंबेडकरी चळवळीतले लोककवी वामनदादा कर्डकांची गीते तिला फार प्रिय असून त्यांतील काहींचे ती इंग्रजीत भाषांतर करते. तिला साहित्यातच पुढे शिकायचे आहे आणि शक्य झाल्यास परदेशात जायचे आहे. एका सल्लागार संस्थेने इंग्लंडमधील एक वर्षाचे एम.ए. सुचवले असून एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे उद्देशपत्रही, तेच लिहून देणार आहेत. मी सातपूरच्या कारखान्यात नोकरीला आहे. या खर्चासाठी राहते घर तारण ठेवावे लागेल. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी होऊ द्या. काय करावे?
— एक पालक, सातपूर, नाशिक

उत्तर :

स. न. वि. वि.

सर्वांत तातडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : साहित्यातील एक वर्षाच्या एम.ए.साठी राहते घर तारण ठेवू नये. मुलीची इच्छा अवास्तव आहे म्हणून मी हे सांगत नाही. तिच्या क्षेत्रात परदेशी शिक्षणाचा याहून चांगला आणि घरावर बोजा न टाकणारा मार्ग आहे, फक्त तो काही वर्षांनी खुला होतो. इंग्लंडमधील एम.ए. बहुतेकांना स्वखर्चानेच करावे लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मात्र साहित्याच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की शिक्षण शुल्क माफ होते आणि पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात साधारण पाच वर्षे निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. तेथील जागा अगदी थोड्या असतात, हे खरे; पण अर्ज नाकारला गेला तर केवळ अर्जाचे शुल्क जाते, घर जात नाही. इंग्लंडबाबत अपवाद पूर्ण शिष्यवृत्तीचा. ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे सोआस येथील फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना मिळू शकते, तर ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अशी शिष्यवृत्ती मिळाली, तर तिने अवश्य जावे.

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, परंतु तेथील पदवी चार वर्षांची असल्याने आपली तीन वर्षांची बी.ए. अनेक ठिकाणी अपुरी मानली जाते. तिच्या महाविद्यालयात नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑनर्सचे चौथे वर्ष उपलब्ध आहे का, याची आताच चौकशी करावी. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील, तर संशोधनासह ऑनर्सचा पर्यायही मिळू शकतो. तरीही माझे स्वतःचे मत असे आहे की तिने भारतातील चांगल्या विभागात एम.ए. करावे आणि त्याच्या शेवटच्या वर्षात परदेशी अर्ज पाठवावेत. पदवीच्या तीन वर्षांत बहुतेकांचे वाचन अभ्यासक्रमाच्या कडेपर्यंतच पोहोचते. स्वतःचा प्रश्न सापडायला एम.ए.ची दोन वर्षे उपयोगी पडतात.

जवळचे पर्याय म्हणजे पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाचे एम.ए. आहे, भाषेच्या रचनेत तिला रस असेल, तर तेथे एकदा जाऊन यावे. हैदराबाद विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू येथील प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. गेल्या काही वर्षांत या परीक्षेचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरले गेले असून परीक्षा मार्चमध्ये झाली आहे. प्रश्न बहुपर्यायी असतात, बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे 1 गुण वजा होतो. त्यासाठी साहित्याचा इतिहास, समीक्षेतील संज्ञा आणि प्रमुख विचारप्रवाह यांची वेगळी तयारी करावी लागते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील तौलनिक साहित्याचा, म्हणजे निरनिराळ्या भाषांतील साहित्य एकमेकांच्या संदर्भात अभ्यासणारा विभाग 1956 पासूनचा आहे. दोन भाषांत वाचणाऱ्या मुलीने त्याचा विचार अवश्य करावा.

आता तिच्या तयारीविषयी. साहित्याच्या अर्जात गुणपत्रिकेमुळे अर्ज वाचण्यायोग्य ठरतो. निवड मात्र विद्यार्थ्याच्या लेखनावरून होते. परदेशी विभाग साधारण पंधरा-वीस पानांचा समीक्षालेख मागतात, त्याला रायटिंग सॅम्पल म्हणतात. आपल्याकडील पदवीच्या परीक्षांत असे लेखन क्वचितच करून घेतले जाते. नोट्स पाठ करून चांगले गुण मिळवणारी मुले येथे अडतात, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नसतो. एखाद्या कथेविषयी स्वतःचे विधान मांडून ते पंधरा पाने पेलण्याचा सरावच त्यांना कोणी दिलेला नसतो. हा सराव तिने याच वर्षी सुरू करावा. एकच कथा घ्यावी, ती चार-पाच वेळा वाचावी, निवेदक कोण आहे, संवादांतील बोली आणि निवेदनातील प्रमाण भाषा यांच्यात कोणता ताण आहे, कथेचा शेवट वाचकाला कुठे नेऊन सोडतो, हे आधी मराठीत लिहून पाहावे आणि मग त्याच कथेवर इतर समीक्षकांनी काय म्हटले आहे ते वाचावे. हा क्रम उलटा केला, तर लेखात दुसऱ्यांचीच मते जमा होतात.

एसओपी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये, हे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. त्यात फसवणूक तर आहेच, पण तिचे नुकसानही आहे. सल्लागारांकडची तयार एसओपी ‘लहानपणापासून मला वाचनाची आवड होती’ येथून सुरू होते आणि विद्यापीठाच्या स्तुतीवर संपते. निवड समितीतील प्राध्यापक अशी पाने शेकड्याने वाचतात. त्यांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच की या मुलीला कोणता प्रश्न पडला आहे, तो महत्त्वाचा का आहे आणि त्यासाठी तिने आजवर काय वाचले आहे. आपल्या मुलीकडे असा प्रश्न असण्याची चिन्हे पत्रातच आहेत. बागुलांचा जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा आणि वामनदादांचा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. ज्या शहरात 1930 साली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्याच्या परिसरातून हे साहित्य आले आहे. छापील कथा आणि सभेत गायले जाणारे गीत इंग्रजीत नेताना वेगवेगळे काय हरवते, गायनातला श्रोता भाषांतरात कुठे जातो, हा प्रश्न कोणत्याही विभागाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. आपण मराठी वाचतो हे लपवून केवळ इंग्रजी अभिजात कादंबऱ्यांची नावे अर्जात भरण्याचा मोह नाशिकसारख्या शहरातील मुलांना होतो, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. तौलनिक साहित्याचे विभाग एकाहून अधिक भाषांची अपेक्षाच ठेवतात. तेथे तिचे मराठी ही सर्वांत भक्कम बाजू ठरेल.

विद्यापीठाचे नाव पाहण्याआधी तेथे कोण काय शिकवते, हे पाहावे. मराठीशी संबंधित संशोधन परदेशात अनेकदा इंग्रजी विभागात न होता धर्म-अभ्यास किंवा दक्षिण आशियाई भाषांच्या विभागात होते. महानुभाव साहित्यावर काम करणाऱ्या अ‍ॅन फेल्डहाउस आणि नामदेवांवर लिहिणारे ख्रिश्चन नोवेट्झकी हे दोघेही धर्म-अभ्यासाच्या क्षेत्रातले आहेत. तिने केवळ ‘इंग्लिश’ असा शोध घेतला, तर निम्मे पर्याय दिसणारच नाहीत. अर्ज सहा-सात ठिकाणीच करावेत. प्रत्येक अर्जाला शुल्क असते. ते माफ करण्याची सोय काही विद्यापीठांत आहे, तेव्हा विचारण्यात संकोच करू नये.

अमेरिकी अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि त्यासाठी तीन शिफारसपत्रे लागतात. आपल्याकडे विद्यार्थ्यानेच पत्र लिहून आणायचे आणि सरांनी सही करायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिन्ही पत्रे एकाच हातची असली की ते वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. शंभर मुलांच्या वर्गात प्राध्यापक तिला लेखनातून ओळखत नसतील, तर ते वेगळे काय लिहिणार? म्हणून तिने आपला लेख दोन-तीन प्राध्यापकांना वाचायला द्यावा, त्यांच्या सूचनांनुसार तो पुन्हा लिहावा आणि पुन्हा दाखवावा. शिफारसपत्र मागण्याची वेळ येईल तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही असेल. मागणी मुदतीच्या किमान महिनाभर आधी करावी.

नातेवाईकांचा सल्ला मी धुडकावून लावत नाही. शाळेत शिकवण्याची तिची इच्छा असेल, तर बी.एड. एम.ए.नंतरही करता येते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी एम.ए.ला 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गासाठी 50 टक्के, आणि त्यानंतर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा आवश्यक असते. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. त्यासाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 30 वर्षे आहे. मात्र आपल्या राज्यात कायम प्राध्यापकांची भरती रेंगाळत असते आणि नेट-सेट झालेले अनेकजण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, हे मुलीला आजच स्पष्ट सांगावे. भाषांतर, संपादन आणि प्रकाशन यांतील कामाचा अनुभव तिने शिकतानाच मिळवायला हवा, तो याच कारणासाठी.

तिची भाषांतरे अर्जात पूरक म्हणून उपयोगी पडतील, परंतु समीक्षालेखाची जागा ती घेऊ शकत नाहीत. ती कुठे छापायची असतील, तर आधी वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागेल, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क कायम राहतो. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व नसेल, तर ते या आठवड्यात घ्यावे. दिवाळीपर्यंत लेखाची पहिली पाच पाने तयार झाली, तर ती तिच्या प्राध्यापकांना दाखवावीत आणि त्यांच्या शेऱ्यांसह मलाही पाठवावीत. मी ती वाचून कळवीन.